इतिहास वाचते, पण सनावळ्या डोक्यात राहत नाहीत. राज्यसेवेसाठी आधुनिक भारत कसा वाचावा?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. मी माढा तालुक्यातली. बी.एस्सी. ॲग्री झालंय, बार्शीत अभ्यासिकेत बसते, राज्यसेवेची तयारी चालू आहे. भूगोल, शेती, पर्यावरण यात अडचण नाही. राज्यघटनाही जमते, कलमांना निदान एक क्रम असतो. गाडी अडते ती इतिहासात, आणि त्यातही आधुनिक भारतात.

उदाहरणच देते. शेतकऱ्यांचे उठाव हा मुद्दा घ्या. संथाळ १८५५, नीळ १८५९, पाबना १८७३, दख्खन १८७५. वहीत तक्ता केलाय: सन, ठिकाण, नेता, कारण, परिणाम. आज पाठ होतो. पंधरा दिवसांनी उघडला की पाबनाचं कारण दख्खनला आणि दख्खनचा परिणाम पाबनाला. कायमधारा, रयतवारी, महालवारी या शेतसाऱ्याच्या पद्धतींचंही तेच. आणि "खालीलपैकी कोणती विधाने योग्य आहेत" असा प्रश्न आला की चारही विधानं ओळखीची वाटतात.

मैत्रीण म्हणते आद्याक्षरांची ट्रिक कर. केली, पण आता ट्रिका लक्षात ठेवाव्या लागतात. शिवाय मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, तिथे आद्याक्षरं लिहून कोण गुण देणार? ठोकळ्यात (जाड गाइडमध्ये) सगळं आहे, पण एका ओळीचा दुसरीशी संबंध लागत नाही.

सुरुवात कुठून करू? किती पुस्तकं? नोट्स कशा काढू? ज्यांचं झालंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पेठेतला

आधी मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या. आयोगाच्या संकेतस्थळावर उत्तरतालिकेसकट मिळतात, फुकट. पूर्व परीक्षेच्या पेपर एकला १०० प्रश्न, २०० गुण, वेळ दोन तास, आणि चुकलेल्या उत्तराला पाव वजा. इतिहास हा त्यातला एक विषय आहे. प्राचीनपासून सुरू करून मौर्यांवरच उन्हाळा काढणारी मुलं मी इथे पुण्यात दरवर्षी बघतो. गुप्तांपर्यंत पोचतात तेव्हा जाहिरात आलेली असते.

क्रम असा ठेवा: आधुनिक भारत आणि महाराष्ट्र आधी, मग प्राचीन, मग मध्ययुगीन. राज्यसेवेला समाजसुधारक हमखास असतात. प्रार्थना समाज १८६७, सत्यशोधक समाज १८७३, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४, भारत सेवक समाज १९०५, कोणी काढलं, कुठे काढलं, वृत्तपत्र कोणतं. जोड्या लावा नाहीतर कालानुक्रम लावा, दोन्हीतून सुटका नाही.

पुस्तक एकच, वाचन पुन्हा पुन्हा. पाचवी ते बारावीची शालेय पुस्तकं आधी संपवा. नोट्स दुसऱ्या वाचनानंतर काढा. पहिल्या वाचनात सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि अख्खं पुस्तक वहीत उतरतं.

फेरफार

सीनाकाठ, तुम्ही कृषीच्या आहात आणि माढ्याच्या आहात, म्हणून जरा लांब लिहिते.

मी महसूल खात्यात आहे. सज्जावर तलाठी होते, नोकरी सांभाळत परीक्षा दिल्या, आता तहसील कार्यालयात नायब तहसीलदार आहे. सांगायचं ते एकच: आधुनिक भारताचा इतिहास शेतसाऱ्याच्या बाजूने वाचा. जमिनीवरचा पैसा कोण गोळा करतं, कोणाकडून, किती, आणि नाही दिला तर काय होतं? प्रत्येक प्रकरणाला हे विचारत चला. तुमचा तक्ता का विसरला जातो? त्यात प्रत्येक ओळ एकटी आहे. साऱ्याचा धागा धरला की एक सन दुसऱ्या सनाला घेऊन येतो.

रविवारी घरी जाल तेव्हा वडिलांकडून सातबारा मागा. वारसाची नावं बघायला नको, बाकीचं बघा. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराब म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, आणि आकारणी म्हणजे ठरवलेला सारा, जी आता काही रुपये नि पैसे एवढीच दिसेल. आपण हा कागद कर्जासाठी नाहीतर विम्यासाठी काढतो आणि घडी घालून ठेवतो. पण त्यातली मोजणीची, प्रतवारीची आणि आकाराची पद्धत इंग्रजांच्या रयतवारी पाहणीतून आलेली आहे, आणि ती पाहणी जिथे आकाराला आली ते इंदापूर तुमच्या टेंभुर्णीहून भीमा ओलांडली की लागतं.

१८१८ ला पेशवाई गेली आणि हा मुलूख कंपनीकडे आला. पहिली मोठी पाहणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केली. त्याने निव्वळ उत्पन्नाचं गणित मांडलं आणि त्याचा ५५ टक्के वाटा सरकारचा ठरवला. कागदावर शास्त्रशुद्ध, रानात अशक्य. आकार इतका चढा बसला की इंदापूर भागात जमिनी पडीक पडल्या, लोक गाव सोडून गेले. म्हणून १८३५-३६ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी नव्याने सुरुवात केली: मातीची प्रत बघा, आण्यांत तिचा दर्जा ठरवा, दर कमी ठेवा, आणि एकदा ठरवलेला आकार ३० वर्षं बदलू नका.

आता १८३६ मध्ये ३० मिळवा. १८६६. फेरआकारणीची वेळ आली. इथे पाठांतर नाही, बेरीज आहे.

आणि वेळ कशी साधली गेली बघा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, १८६२ मध्ये इंग्लंडात येणाऱ्या कापसातला बहुतांश भारतातून जात होता. आपल्याकडे भाव कडाडले, कापसाखालचं क्षेत्र वाढलं, सावकार मागाल तेवढं देऊ लागला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले. आणि त्याच्याच मागोमाग साऱ्याची फेरआकारणी आली, काही ठिकाणी ५० ते १०० टक्के वाढीची. हातात पैसा उरलेला नाही आणि मागणी दुप्पट. सावकाराकडे जावं, तर तो आता हात आखडता घेतोय.

त्यात कायदा कसा घुसतो तेही बघा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य ठरवला. हेतू चांगला, व्याज साचू नये. झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेऊ लागला, आणि जुनं मुद्दल अधिक व्याज हे नव्या खताचं मुद्दल झालं. खाली अंगठा कुणबी माणसाचा. लिहिणारा, वाचून दाखवणारा आणि पुढे कोर्टात हजर करणारा सावकारच.

आता सुप्याला या. १२ मे १८७५, आठवड्याचा बाजार. (हे बारामती तालुक्यातलं सुपे. पारनेरचं सुपे वेगळं, गोंधळ करू नका.) त्याआधी डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला होता. सुप्याच्या बाजारात जमलेल्या लोकांनी सावकारांवर चाल केली ती मुख्यतः हिशेबाच्या वह्या आणि कर्जखतं मिळवण्यासाठी. मिळतील तितकी जाळली. काही ठिकाणी धान्याची दुकानं लुटली, घरं पेटवली. पण लोकांचा डोळा कागदावर होता, कारण जमीन जात होती ती कागदाने. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हे पसरलं, ९५१ लोकांना अटक झाली. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासात यावर चांगला भाग आहे, तो जरूर वाचा.

पुढे काय? चौकशी आयोग नेमला, १८७८ ला त्याचा अहवाल ब्रिटिश संसदेपुढे गेला. आयोगाने दोष सावकाराच्या पदरात टाकला, साऱ्याच्या वाढीला मोकळं सोडलं. मग १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा. तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे तुमच्या खापरपणजोबांना. दंगा सोलापुरात झाला नव्हता, पण दुखणं तेच होतं.

मधल्या काळात १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. तो पाहून वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड, १८७९. दुष्काळाच्या चौकशीसाठी स्ट्रेची आयोग, अहवाल १८८०. शेतकऱ्याची हीच दशा मांडणारा जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३. पुण्यात १८७० ला निघालेली सार्वजनिक सभा याच साऱ्याच्या आणि दुष्काळाच्या प्रश्नावर गावोगावची माहिती गोळा करत होती. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १८८५ ला पुण्यातच व्हायचं होतं, पटकीची साथ आली म्हणून मुंबईला हललं. एका बाजाराच्या दिवसापासून निघून आपण काँग्रेसपर्यंत आलो आणि वाटेत एकही सन सुटा पाठ करावा लागला नाही.

आता तुमची पाबना-दख्खनची अदलाबदल. पाबना बंगालमध्ये, तिथे १७९३ ची कायमधारा. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये जमीनदार बसलेला, म्हणून भांडण जमीनदाराशी, खंडवाढीवरून. लोकांनी संघ काढला, वर्गणी केली, बरीच लढाई कोर्टात लढले. फळ म्हणजे १८८५ चा बंगाल कुळकायदा. आपल्याकडे रयतवारी, मध्ये जमीनदार नाही, सारा थेट रयतेने भरायचा. तो भरायला पैसा देतो सावकार. म्हणून भांडण सावकाराशी आणि फळ कर्जाविषयीचा कायदा. जमिनीची पद्धत सांगा, शत्रू कोण ते सांगता येतं. शत्रू कळला की कायदा कळतो. आता करून बघा अदलाबदल, होणार नाही.

नोट्सचं विचारलंत. माझ्या वहीत एका पानावर एकच प्रांत असायचा: बंगाल, मद्रास, मुंबई, वायव्य प्रांत, पंजाब, अवध. पानाच्या डोक्यावर साऱ्याची पद्धत, खाली जे जे घडलं ते. कोकणचं अर्धं पान वेगळं, कारण तिथे खोत, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा वतनदार. त्याच पानावर पुढे चरीचा संप, १९३३ ते ३९, आणि १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात मांडलेलं खोती नष्ट करण्याचं विधेयक. मग १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. आजही माझ्या टेबलावर ३२-ग ची, म्हणजे कुळाला जमीन विकत मिळण्याची, प्रकरणं येतात. समोर बसलेला म्हातारा माणूस आजोबांचं नाव सांगतो, मी जुना फेरफार उघडते, आणि ते सगळं पान जिवंत असतं. म्हणून मला कळकळीने वाटतं की खुर्चीवर बसणाऱ्याला हा इतिहास नीट यायला हवा, परीक्षेपुरता नव्हे.

पेठेतला

ताई, फार चांगलं लिहिलंत, कर्डे आणि सुप्याचा क्रम मलाही इतका स्पष्ट नव्हता. पण एक शंका आहे. हे मुख्यला सोनं आहे, पूर्वला मात्र प्रश्न तुकड्यांत येतात. कोणता व्हाइसरॉय, कोणता कायदा, कोणतं अधिवेशन, अध्यक्ष कोण. तिथे कथा आठवत बसायला वेळ नसतो, प्रश्नाला एक मिनिट आणि वर थोडं.

फेरफार

बरोबर आहे, याद्या कराव्याच लागतात. गव्हर्नर जनरल आणि काँग्रेसची अधिवेशनं मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली होती. पण तुकड्यातलाही प्रश्न बघू. यूपीएससीच्या २०१७ च्या पूर्वला विचारलं होतं की रयतवारी सुरू करण्याशी कोणाचा संबंध होता: कॉर्नवॉलिस, अलेक्झांडर रीड, थॉमस मन्रो. यादी पाठ केलेल्या मुलाला मन्रो माहीत असतो, रीडवर तो अडकतो. ज्याने मद्रासचं पान केलंय त्याला माहीत असतं की १७९२ ला टिपूकडून बारामहाल मिळाला, तिथे रीडच्या हाताखाली मन्रो काम करत होता आणि सुरुवात तिथेच झाली. कॉर्नवॉलिस तर कायमधारावाला, तो आपोआप गळतो. एक मिनिट पुरतं.

नाणेघाट

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. फेरफार ताईंच्या धाग्याला मागच्या बाजूने गाठ मारतो, कारण प्राचीन भाग बघितला की मुलं हताश होतात: नुसती राजांची नावं.

जमीन आणि पैसा कोणाकडून कोणाकडे, हा प्रश्न दोन हजार वर्षं मागे नेला तरी चालतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान या शक क्षत्रप राजाचा जावई ऋषभदत्त याचे लेख आहेत. त्यातल्या एकात दान असं आहे: ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. ते त्याने भिक्खूंच्या हातात दिले नाहीत, गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंना वस्त्रं वगैरे. वर्षाला १२ आणि ९ टक्के झाले.

एका लेखातून किती निघतं बघा. क्षत्रप नाशिकपर्यंत होते. चलन होतं. कारागिरांच्या श्रेणी ठेवी घेण्याइतक्या भरवशाच्या होत्या. शक घराण्यातला माणूस बौद्ध संघाला देतो, आणि याच ऋषभदत्ताच्या लेखांत ब्राह्मणांना दिलेली दानंही आहेत. मग गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. पुरावा? नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेली नाणी, १३ हजारांहून जास्त. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राचा छाप मारलेला आहे. आणि हे युद्ध कशासाठी? नाणेघाटात जाऊन बघा. जुन्नरहून कोकणातल्या बंदरांकडे उतरणारी वाट, गुहेत नागनिकेचा लेख, आणि वर तो दगडी रांजण, जकातीचा म्हणून सांगतात तो. घाट ज्याच्या हातात, व्यापार त्याच्या हातात.

मध्ययुगातही हाच धागा चालतो. शेरशाहची पट्टा-कबुलियत, तोडरमलाची दहसाला, नगरच्या निजामशाहीत मलिक अंबरची पद्धत, शिवकाळात अण्णाजी दत्तोंची मोजणी, मग चौथाई २५ टक्के आणि सरदेशमुखी १० टक्के.

पण साऱ्याच्या धाग्यात सगळं ओवायचा हट्ट करू नका. वेरूळचं कैलास, बौद्ध संगीती, ज्ञानेश्वर-नामदेव-कबीर, चित्रशैली, हे त्याच्या बाहेरचं आहे आणि त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो. फेरफार ताईंशी एवढ्यापुरता माझा मतभेद आहे.

फेरफार

मान्य, सर. संतांचं वाचताना मी सारा शोधत नाही.

सीनाकाठ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सातबारा बघितला. पोटखराब १४ गुंठे आहे, ओढ्याकडेची पट्टी. वडील म्हणाले तुझ्या आजोबांच्या वेळेपासून तेवढंच लिहिलंय. मी मातीच्या प्रतींबद्दल कॉलेजात पुष्कळ शिकले होते, पण तिच्यावर सारा बसवला जायचा हे कधी जोडून पाहिलं नव्हतं.

प्रांतवार पानं सुरू केली. आणि यूपीएससीच्या २०२२ च्या मुख्यचा एक प्रश्न सोडवून बघितला: अठराव्या शतकाच्या मध्यापासून वसाहतकालीन भारतात दुष्काळ अचानक का वाढले, कारणं द्या. माझं उत्तर खाली देते. ताई, वेळ असेल तर बघाल का?

"भारतीय शेती मान्सूनवर अवलंबून असल्याने पाऊस कमी झाला की दुष्काळ पडत असे. ब्रिटिश काळात १७७०, १८६६, १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० असे मोठे दुष्काळ पडले. ब्रिटिशांनी शेतसारा वाढवला, तो रोखीत घेतला. शेतकरी नगदी पिकांकडे वळले. हस्तोद्योग बुडाल्याने लोक शेतीवर अवलंबून राहिले. रेल्वेने धान्य बंदरांकडे गेले. सावकारी वाढली. सरकारने स्ट्रेची, लायल आणि मॅकडोनेल आयोग नेमले. अशा प्रकारे ब्रिटिश धोरणे दुष्काळाला कारणीभूत होती."

फेरफार

बघते ना. मुद्दे सगळे खरे आहेत, एकही चुकीचा नाही. तरी परीक्षक याला मधले गुण देईल. का ते सांगते.

प्रश्नात एक शब्द आहे, "अचानक". आणि एक काळ आहे, अठराव्या शतकाचा मध्य. पाऊस तर त्याआधीही चुकायचा. मग तुमचं पहिलं वाक्य प्रश्नाचं उत्तर देत नाही, उलट सरकारची बाजू मांडतं. तिथे १७६५ यायला हवं, दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क. बदलला तो वसूल करणारा. सुरुवात अशी करून बघा:

"१७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यावर कंपनीने सारा हे व्यापाराचे भांडवल मानले, त्यामुळे पीक बुडाले तरी वसुली थांबेना. १७७० च्या दुष्काळात बंगालची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या मेल्याचा तत्कालीन अंदाज असताना १७७१ ची वसुली १७६८ पेक्षा जास्त होती."

हे दुसरं वाक्य वॉरन हेस्टिंग्जने १७७२ ला स्वतः लंडनला कळवलेलं आहे. असा एक आकडा दहा विशेषणांचं काम करतो.

मग तुमचे मुद्दे एकाखाली एक न ठेवता एकमेकांत अडकवा. सारा रोखीत, म्हणून नगदी पीक. नगदी पीक, म्हणून घरच्या कणगीत ज्वारी कमी. कणगी रिकामी, म्हणून बाजारातून धान्य, आणि बाजारातलं धान्य रेल्वेने जिथे भाव तिकडे. विणकराचा माग बंद, म्हणून तो मजूर, आणि मजुराला दुष्काळात सर्वांत आधी काम जातं. तुम्ही "हस्तोद्योग बुडाल्याने लोक शेतीवर" लिहून थांबलात. एक पाऊल पुढे जा: धान्य बाजारात आहे आणि त्याच्याकडे ते घ्यायला पैसा नाही.

आयोगांची नावं शेवटी तिन्ही एका ओळीत आहेत. त्याऐवजी एकच धोरण दाखवा. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. दगड फोडणाऱ्या माणसाला अर्ध्या किलोहून कमी धान्य. सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. मग स्ट्रेची आयोग आणि १८८३ ची दुष्काळ संहिता. राज्यसेवेच्या उत्तरात पुण्याचा संदर्भ आला तर तो आपलाच आहे, वापरा. माझ्या कामातही ही गोष्ट फार लांबची नाही. रोजगार हमीची हजेरीपत्रकं तपासताना दर पत्रकावरचा मजुरीचा आकडा मी दोनदा बघते.

शेवटचं "अशा प्रकारे" काढून टाका. १५० शब्दांत तेवढी जागा परवडत नाही.

सीनाकाठ

ताई, पुन्हा लिहिलं. पहिल्या वाक्यात दिवाणी घातल्यावर बाकीचं आपोआप रांगेत आलं. शब्द १६० झाले, कापते आहे.

एक विचारायचं होतं. पुढचं मुंबई प्रांताचं पान खेडा आणि बार्डोलीचं आहे. १९१८ आणि १९२८, मला दोन्ही सारखेच वाटतात. दोन्ही गुजरातमध्ये, दोन्ही साराबंदी, दोन्हीत वल्लभभाई. यात फरक कसा धरू?

फेरफार

साऱ्याचं काय मागणं होतं ते विचारा. खेडा जिल्ह्यात आकार वाढलेला नव्हता. पीक बुडालं होतं, आणि पीक चार आण्यांहून, म्हणजे २५ टक्क्यांहून, कमी आलं तर सूट द्यायचा नियम सरकारचाच होता. भांडण त्या नियमाच्या अंमलबजावणीचं, म्हणजे आणेवारीचं, पीक किती आणे आलं ते ठरवण्याचं. आजही पैसेवारी ५० पैशांच्या आत की बाहेर यावरून गावं आमच्या दारात येतात, तेच.

बार्डोलीत पीक बुडालेलं नव्हतं. तिथे फेरआकारणी झाली होती, शेवटी २२ टक्के वाढ. सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांची चौकशी झाली आणि ती वाढ ६.०३ टक्क्यांवर आली. बार्डोलीची आधीची आकारणी १८९६ ची होती. त्यात ३० मिळवा आणि पानावर लिहा, मग विंगेटच्या ओळीपासून तिथपर्यंत एक बाण काढा.